तिसऱ्या परिच्छेदातली ओळ

१

कपडे धुण्याच्या मशीननं काम संपल्याची पीं-पीं केली आणि दुपारची सगळी शांतता फुटली. आतल्या खोलीत मोठ्या मिनतवारीनं झोपवलेलं पिल्लू उठून बसलं. बाहेर जेवणाच्या टेबलावर त्याची आई निबंध वाचत होती. तिनं मनातल्या मनात मशीनचा उद्धार केला आणि लॅपटॉप मिटला. पिल्लू जागं असताना त्या घरात फक्त पिल्लूच वाचता येत असे.

ती एका कॉलेजच्या प्रवेश विभागासाठी काम करायची. अर्जासोबत मुलं स्वतःविषयी एक निबंध पाठवतात. तो घरी बसून वाचायचा, शेरा मारायचा, गुण द्यायचे. पोर लहान, तेव्हा पोराच्या झोपेएवढीच नोकरी. पण वाचायची अशी डोळ्यांत तेल घालून, की विभागात तिचं नावच पडलं होतं भिंग.

भिंगाखालून काही सुटत नसे. एका मुलानं लहानपणापासूनचं स्वप्न म्हणून शेजारच्या कॉलेजचं नाव लिहिलं होतं. दुसऱ्याला निबंध काकांनी लिहून दिला होता आणि मध्येच काकांना राहवलं नव्हतं: 'माझा हा पुतण्या स्वभावानं अत्यंत प्रामाणिक आहे.' असल्या चुका वेगळ्या काढायच्या आणि शेवटच्या बैठकीआधी, चहाच्या वेळी, विभागाच्या साहेबांनी त्या नाटकी आवाजात वाचून दाखवायच्या, ही तिथली जुनी रीत. सगळे पोट धरून हसायचे. मुलांना काही कळायचं नाही, त्यामुळे कुणाचं काही बिघडायचं नाही.

यंदा बिघडलं. एका मुलीनं आपल्या आजारी आईवर निबंध लिहिला होता. तिसऱ्या परिच्छेदात, वाक्याच्या ऐन मध्यात, भलतंच काहीतरी शिरलं होतं: 'घरात औषधांचा वास इतका आरशाचं खरं ते घाल एवढ्यानं कुणाला रडू यायचं नाही मुरलाय, की मला आता फुलांचाही वास नकोसा होतो.'

कुणीतरी पढवलेलं काढायचं विसरली, हे उघड होतं, म्हणून अर्ज बाद झाला. साहेबांनी ती ओळ एकदा रडक्या आवाजात वाचली, एकदा खडसावल्यासारखी वाचली. लोक हसता हसता टेबलावर आडवे झाले. कुणीतरी ते फोनवर टिपलं आणि ते मुलीच्या शाळेत जाऊन पोचलं. आता ती वर्गात शिरली की पोरं नाक ओढून हुंदके देत आणि मुली दप्तरातले छोटे आरसे काढून तिच्यासमोर धरत.

पिल्लूला मांडीवर घेऊन भिंगनं दूध पाजायला घेतलं, तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"बाई, तुमच्या त्या रडूबाईनं अपील केलंय. म्हणते, ती ओळ माझी नाही."

चहाच्या वेळी भिंगही हसली होती.

२

मुलगी विभागाच्या बाकावर बसून होती. घरी तिला मुनी म्हणत, कारण ती बोलायचीच नाही. भिंग तिला घेऊन रिकाम्या खोलीत बसली. पिल्लूला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून ते टेबलाखाली रंगीत खडू घेऊन बसलं.

साहेबांनी आधीच निकाल सांगून ठेवला होता. ओळ मुलीनं स्वतःसाठी लिहिली असेल तर मुलगी कोडगी. निबंध दुसऱ्याकडून लिहून घेतला असेल तर लबाड. दोन्हीकडून बाहेर. कुणी तिचं वाटोळं करायला मुद्दाम घुसडली असेल, तरच जागा तिची. फीमाफीची जागा एकच होती आणि गुणांत मुनी सगळ्यांच्या पुढं होती. ती जागा गेली तर तिच्या घरातून कॉलेजची फी निघणं शक्य नव्हतं, कारण घरात जे येत होतं ते औषधांच्या दुकानात जात होतं.

भिंगनं विचारलं आणि मुनीनं एकेका शब्दात सांगितलं. निबंध तिनंच लिहिला. आईच्या उशाशी बसून, आईच्याच फोनवर. घरात दुसरा फोन वडिलांचा, तो त्यांच्याबरोबर कामावर. क्लासच्या सरांनी एकदा तपासला. मग पाठवायच्या दिवशी ती मैत्रिणीकडं गेली, कारण मैत्रिणीकडं लॅपटॉप होता. मैत्रिणीनंच निबंध अर्जाला जोडला आणि बटण दाबलं.

पाठवण्याआधी वाचला नाहीस का, असं विचारल्यावर मुनी बराच वेळ टेबलाची कड नखानं खरवडत राहिली. बाकी सगळा वाचला, म्हणाली. तिसरा परिच्छेद तेवढा नाही. तो लिहिताना एकदा झाला तेवढा पुरे होता.

"मग कुणी घातली असेल?"

"तोफनं," मुनी म्हणाली. तोफ म्हणजे तीच मैत्रीण. शाळेच्या वादविवादात समोरच्याला उडवून लावायची, म्हणून तोफ. "तिचाही अर्ज आहे, त्याच जागेसाठी. सगळ्यांसमोर मला म्हणाली होती, तुझं बरंय बाई, तुझ्याकडे आजारी आई आहे. आमच्याकडे सगळे ठणठणीत, आम्ही काय लिहायचं?"

"एवढ्यावरून?"

"आमच्या घरात आरसा नाही, मॅडम. मागं फुटला, बाबांना नवा आणायला सवडच होत नाही. मी खिडकीच्या काचेत बघून वेणी घालते. हे बाहेरच्या कुणाला माहीत नाही. फक्त तिला माहीत आहे."

३

भिंगला मात्र आधी क्लासच्या सरांना भेटायचं होतं, कारण आरसा म्हटलं की तिला दुसराच कुणीतरी आठवत होता. मुनीच्या गावातून येणाऱ्या निम्म्या निबंधांत शेवटी एक आरसा असे. 'आज मी आरशासमोर उभी राहते आणि स्वतःला विचारते.' मुलगा असेल तर उभा राहतो.

सर मोठे दिलखुलास निघाले. इस्त्रीचा शर्ट, खिशात लाल पेन, भिंतीवर पास झालेल्यांचे फोटो. पिल्लूला त्यांनी खुर्चीवर उचलून बसवलं आणि आपली कृती काही आडपडदा न ठेवता सांगितली. पहिल्या परिच्छेदात बालपण, दुसऱ्यात धडपड, तिसऱ्यात दुःख, शेवटी आरसा. दुःख घरचं असलं तर उत्तम. नसलं तर शोधायचं.

"शोधायचं म्हणजे?"

"अहो, सगळ्यांच्या घरी थोडंच कुणी आजारी असतं? त्यात आजोबा बरे पडतात. आजी गेली म्हटलं की वाचणारे फार चौकशी करतात. आजोबांचं कुणी विचारत नाही."

भिंगनं मग सरळच विचारलं. ती ओळ तुमची का?

सर अजिबात रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून एक छापील प्रत काढली. मुनीचाच निबंध, समासात लाल पेनानं लिहिलेल्या सूचना. तिसरा परिच्छेद कोरा होता. वाक्य सरळ होतं, मध्ये काही शिरलेलं नव्हतं. शेवटच्या परिच्छेदात मात्र आरसा होता आणि त्याच्यापुढं लाल 'शाब्बास'.

"मी मुलांच्या मजकुरात एक अक्षर टाइप करत नाही," सर म्हणाले. "टाइप केलेलं राहून जातं, बाई. माझं पोट यावर आहे, मी असला गाढवपणा करीन?"

तेही खरंच होतं. भिंग उठली, तेव्हा सर मागून हसत म्हणाले, "आणि त्या तोफेकडं जाणार असाल तर सांभाळून. तिचा तिसरा परिच्छेद मीच बसवून दिलाय. फार कारुण्य आहे त्यात."

४

तोफचा निबंध भिंगनं वाचलेला होता. आजोबांच्या शेवटच्या दिवसांवर होता. त्यांनी नातीचा हात हातात घेऊन 'शिक' एवढंच म्हटलं आणि डोळे मिटले, असं त्यात होतं.

दारावरची घंटा वाजवल्यावर दार एका म्हाताऱ्यांनी उघडलं. हातात वर्तमानपत्र, नाकावर घसरलेला चष्मा, पायांत लोकरीचे मोजे.

"नातीकडं आलात होय? या, या. मी तिचा आजोबा." त्यांनी पिल्लूकडं पाहिलं आणि लगेच खिशात गोळी शोधायला लागले.

भिंगला आयुष्यात पहिल्यांदाच आपण भूत पाहतो आहोत असं वाटलं. भूत मात्र चांगलं खणखणीत होतं. नातीचं फार कौतुक होतं त्याला. निबंध दाखवत नाही म्हणे, म्हणते पास झाल्यावर दाखवीन.

तोफ आतून आली, तिनं भिंगचं ओळखपत्र पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती भिंगला ओढतच गच्चीत घेऊन गेली. वादविवाद जिंकणारी मुलगी, पण तिला वाक्य पुरं करता येईना. आजोबांना सांगू नका, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. अर्ज काढून घेते, जागा नको, काही नको, पण त्यांना सांगू नका.

मुनीच्या ओळीचं विचारलं, तेव्हा ती थोडी सावरली. मी नाही घातली, म्हणाली. आजारी आईचं बोलले, हे खरं. तोंडाला लगाम नाही माझ्या. पण मी तिचा निबंध उघडलासुद्धा नाही, फक्त जोडून पाठवला. तिच्या आईनं मला लहानपणी जेवायला वाढलंय, मला ते वाचवलं नसतं.

"त्यांच्या घरात आरसा नाही, हे तुला माहीत होतं?"

"हो. फुटला ना तो. त्याचं काय?"

"ते तू ओळीत घातलंस, असं तिला वाटतंय."

तोफनं खरोखर न कळल्यासारखं भिंगकडं पाहिलं. "पण फुटलेल्या आरशानं कुणाला कशाला रडू येईल?"

गच्चीतून उतरताना भिंग जिन्यात थबकली. एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती.

५

घरी परतताना बसमध्ये पिल्लू तिच्या छातीवर झोपलं. एक हात पिल्लूखाली अडकलेला. दुसऱ्या हातानं तिनं नवऱ्याला 'उशीर होईल, भात लाव' असा निरोप लिहिला आणि मग आठवलं म्हणून त्यात 'जास्त' घालायला गेली. अंगठा भलतीकडं टेकला. निरोप झाला, 'उशीजास्तर होईल, भात लाव.'

ती त्या शब्दाकडं बघत बसली.

लॅपटॉपवर बसून कुणाचं वाटोळं करायला निघालेला माणूस ओळ नीट टाकतो. परिच्छेदाच्या शेवटी, जिथं ती पटकन डोळ्यांत भरेल अशी. ही ओळ वाक्याच्या पोटात घुसली होती, मागं टिंब नाही, पुढं टिंब नाही. तिथं ती कुणी ठेवली नव्हती, तिथं बोट पडलं होतं. अवघडलेल्या माणसाचं. बहुतेक आडवं पडून, एका हातानं फोन धरलेल्या माणसाचं.

आणि त्या माणसाला आरशाचं काहीतरी खरं माहीत होतं. मुनीला माहीत नसलेलं, तोफला माहीत नसलेलं. ऐकल्यावर रडू यावं असं.

भिंगनं पुढच्याच थांब्यावर बस सोडली आणि उलट दिशेची पकडली. पिल्लू जागं झालं आणि भोकाड पसरलं.

६

मुनीच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मुनी क्लासला, वडील कामावर. खिडकीजवळच्या पलंगावर तिची आई पडून होती. डोक्याला घट्ट गुंडाळलेला रुमाल, भुवया नव्हत्याच. उशाशी बुटांच्या खोक्यात औषधाच्या पट्ट्या नीट उभ्या लावलेल्या, पाण्याच्या पेल्यात नळी, आणि हाताखाली फोन.

भिंगनं आपण कुठून आलो ते सांगितलं. पिल्लूचे हात गोळीनं चिकट झाले होते, ते धुवायला भिंग मोरीशी गेली. तिथल्या भिंतीवर उजळ चौकोन होता आणि चार कोपऱ्यांत चार भोकं. काच तडकली असती तर कडांचे तुकडे, निदान एखादा स्क्रू मागं राहिला असता. इथले चारही स्क्रू कुणीतरी बेतानं काढून साबणाच्या डबीत ठेवले होते.

"इथं मी दिसत नाही," पिल्लू भिंतीकडं बघत तक्रारीनं म्हणालं.

मग ते हात न पुसताच खोलीत पळालं आणि खेळातलं मांजर होऊन पलंगाखाली शिरलं. भिंग त्याला ओढायला वाकली, तर आतून त्याचा आनंदी आवाज आला.

"आई, आरसा इथं झोपलाय. पांघरूण घेऊन."

पलंगावरच्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

चादरीत गुंडाळलेला तो आरसा चांगला धडधाकट होता.

केस जायला लागले तेव्हाचं ते, बाईंनी सांगितलं. एक दिवस तोंड धुताना समोर कोण आहे तेच त्यांना कळेना. त्यांनी नवऱ्याला आरसा काढायला लावला आणि लेकीला फुटला म्हणून सांगायला लावलं. लेक काही बोलली नाही. ती तशीही कुठं बोलते. पुढं निबंध लिहून, सरांनी तपासून झाल्यावर फोन उशाशीच राहिला, आणि ती झोपल्यावर त्यांनी तो वाचला. शेवटी लिहिलं होतं, मी आरशासमोर उभी राहते. आरसा नसलेल्या घरातली पोर असं का लिहील? त्यांना वाटलं, हिला सगळं कळलंय. आईला टोचू नये म्हणून मुद्दाम उलटं लिहिलंय.

"ते सरांचं वाक्य होतं," भिंग हळूच म्हणाली. "सगळ्यांनाच देतात ते."

बाईंनी उशीवरून मान उचलली.

"म्हणजे तिला माहीतच नाही?"

"नाही."

"मला वाटलं, माझी लाज राखतेय. म्हटलं, आता कसली लाज. मी काही फार दिवस नाही. माझ्या दुखण्यानं तिचं काही भलं होणार असेल तर होऊ दे, पुरतं होऊ दे. तोंडानं कसं सांगणार? सांगितलं असतं तर दोघींना रडत बसावं लागलं असतं. म्हणून तिथंच लिहिलं. वाटलं, वाचेल आणि पुसेल."

शाळेतल्या आरशांचं मुनीनं त्यांना सांगितलं नव्हतं. वडिलांना सांगताना त्यांनी ऐकलं होतं. तेव्हापासून त्या फोन हाताखाली धरून गप्प पडून होत्या.

भिंगनं पिल्लूला उचललं. निघता निघता बाईंनी तिचा हात पकडला. त्या हातात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"ताई, ती त्या मैत्रिणीवर संशय घेतेय ना? घेऊ दे. तसंच लिहा तुम्ही. जागाही मिळेल आणि... मैत्रिणी काय, पुढं कॉलेजात नव्या मिळतात."

७

साहेबांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागं रेलले. त्यांच्या मते गोष्ट सोपी होती. आजोबा जिवंत आहेत म्हटल्यावर ती तोफ तर गेलीच. गेलेल्या माणसाच्या नावावर आणखी एक पाप टाकलं तर कुणाचं काय जातं? मुद्दाम घुसडली असं लिहा, रडूबाईला जागा द्या, मिटवा. नाहीतर आईचं नाव घेतलंत की अपिलाच्या बैठकीत पहिलाच माणूस विचारणार, मग निबंधही आईनंच लिहिला कशावरून नाही?

खरं तर भिंगलाही मोह झाला होता. बसमध्ये सबंध वाटभर झाला होता. पण गच्चीतला तो पांढरा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्या मुलीनं आजोबांना मारलं होतं, त्याची शिक्षा तिला मिळणार होती. न केलेल्याची कशाला?

"आईनं लिहिला नाही, हे त्या ओळीवरूनच दिसतं," ती म्हणाली. "ओळ सांगते, शेवटचा आरसा खोटा आहे, खरा घाल. सरांना आरसा खरा की खोटा याच्याशी घेणं नाही. मैत्रिणीला आणि मुलीला तो फुटलाय एवढंच माहीत. तो काढून पलंगाखाली ठेवलाय, हे फक्त आईला आणि वडिलांना माहीत. वडील दिवसभर बाहेर, आणि निबंधाचा फोन आईच्या हाताखाली. म्हणजे ओळ आईची. आता सांगा, आईनं निबंध लिहिला असता तर सरांचा तो ठोकळेबाज आरसा शेवटी राहू दिला असता? खरा आरसा पहिल्या ओळीत आला असता. सगळं कॉलेज रडलं असतं. निबंध मुलीचाच आहे म्हणून तर त्यात ते नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना चोख हिशेब आवडायचा, मग तो कुणाच्याही पोटातून काढलेला असो.

"म्हणजे आपण ज्या ओळीला हसलो..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि कागद पुढं ओढला. "ठीक. जागा तिची. पण अपील मान्य केलं की कारण अर्जदाराला कळवावं लागतं. नियम आहे. पत्र टाकू की तुम्ही सांगता?"

आईनं कळू देऊ नका म्हटलंय, असं भिंग म्हणाली. साहेब म्हणाले, तसं असेल तर अपील फेटाळू, मग काही कळवावं लागणार नाही.

त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. ते खरोखरच पर्याय सुचवत होते.

८

बैठक संपल्यावर भिंगनं मुनीला त्याच बाकावर गाठलं. पिल्लू बाकाच्या टोकाला पाय हलवत बसलं होतं.

जागा मिळाली, हे ऐकून मुनीनं पहिल्यांदा लांब श्वास सोडला. आणि मग, कधी नव्हे ती, आपण होऊन बोलायला लागली.

"तोफनंच केलं ना? मला माहीत होतं. मीही सोडलं नाही तिला. काल तिच्या घरी गेले, ती नसताना. तिनं मला आधी वाचायला दिलेला तिचा निबंध आजोबांना वाचून दाखवला. सगळा. शेवटी ते हात धरून मरतात, तिथपर्यंत."

भिंगनं विचारलं, "ते काय म्हणाले?"

"म्हणाले, छान लिहिलंय. मग विचारलं, शेवटी मी जास्त काही बोललो का? मी म्हटलं, 'शिक' एवढंच. म्हणाले, बरं." मुनी थांबली. एवढं बोलल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं असावं. "त्यांनी मला गोळी दिली. मी घेतली नाही."

यानंतर ते सांगायचं होतं. भिंगनं पुष्कळ शब्द घरून जुळवून आणले होते, मायेचे, हळुवार, फुंकर घालणारे. त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. तिनं साधं सांगितलं. आरसा फुटलेला नाही. तो तुझ्या आईच्या पलंगाखाली आहे. तिनं का काढला ते. शेवटचं वाक्य वाचून तिला काय वाटलं ते. ओळ तिनं लिहिली, तुला मदत म्हणून. तोफनं काही केलं नाही.

मुनी रडली नाही. नजर समोरच्या फरशीवर ठेवून ती ऐकत राहिली, एखादा अवघड पत्ता लक्षात ठेवावा तशी. मध्ये एकदाच तिनं विचारलं, आई त्या रात्री जागीच होती का. भिंग म्हणाली, हो. तू झोपल्यावर वाचलं तिनं.

"आणि शाळेतलं तिला कळलंय? आरसे दाखवतात ते?"

"कळलंय."

मुनीनं मान हलवली. साहेबांनी दिलेलं प्रवेशाचं पत्र तिनं दप्तरात घातलं, मग बाहेर काढलं, मग पुन्हा घातलं. उठून भिंगला थँक्यू म्हणाली, मुलं परीक्षेला पुरवणी देणाऱ्याला म्हणतात तसं. पिल्लूच्या डोक्यावरून हात फिरवायला तिनं हात पुढं केला आणि मध्येच मागं घेतला. व्हरांड्यातून ती सरळ गेली, फाटकाशी थांबली. एका बाजूला तोफच्या घराकडं जाणारा रस्ता होता, दुसऱ्या बाजूला तिच्या. ती बराच वेळ तिथं उभी होती. मग घराच्या बाजूला वळली.

भिंग बाकावरून उठली नाही. पिल्लू सरकत सरकत तिच्या मांडीवर आलं, तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरून आपल्याकडं वळवला, आणि विचारलं,

"आई, ती आता घरी जाऊन तिच्या आईला काय म्हणेल?"